येताना एक पक्षी आणा

आमच्या मीरा रोडला वाढदिवस फार. एकेका सोसायटीत शे-दीडशे बिऱ्हाडे. प्रत्येक घरात दोन-तीन मुले. नया नगरच्या गल्लीतून संध्याकाळी चालत गेले, तर कुठल्या ना कुठल्या गॅलरीत फुगे टांगलेले दिसतात. माझ्या लहानपणी अम्मी त्या दिवशी शेवयांची खीर करायची आणि शेजारच्या चार घरी वाट्या पोचवायची. झाला वाढदिवस! आता तेवढ्याने भागत नाही. हॉल घ्यावा लागतो. जादूगार बोलवावा लागतो. केकवर कार्टूनचे चित्र लागते. आलेल्या प्रत्येक मुलाला जाताना काहीतरी द्यावे लागते आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला येताना काहीतरी आणावे लागते.

आमच्यातल्या काही घरांत वाढदिवस साजरा करत नाहीत. त्यांना ते पटत नाही. हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. आमच्या घरी करतात, म्हणून मी सांगते आहे.

माझी मुलगी सातवीत शिकते. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये ती एका मैत्रिणीच्या वाढदिवसाहून परत आली, ती थोडी गप्पच होती. रात्री जेवताना तिने मला विचारले, "अम्मी, आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या पोटात दर वाढदिवसाला कसे दुखते?"

"कुणाच्या वाढदिवसाला?"

"कुणाच्याही. आदल्या दिवशी 'येईन' म्हणते. दुसऱ्या दिवशी म्हणते, पोटात दुखत होते."

ती मुलगी मला माहीत होती. तिचे अब्बा रिक्षा चालवतात, अम्मी घरी बसून साड्यांना फॉल-पिको करते. घरात चार भावंडे आहेत. मी मराठी शिकवते, गणित नव्हे. पण हे गणित मला लगेच सुटले. एका भेटवस्तूला कमीत कमी शंभर-दीडशे रुपये धरा. वर्गातल्या आठ-दहा मैत्रिणी धरा. मग चार भावंडांच्या मैत्रिणी आणि मित्र धरा. त्या घराला हा हिशेब परवडणारा नव्हता. पोटात दुखणे स्वस्त होते.

मी मुलीला एवढेच सांगितले. तिने पोळीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाली, "माझ्या वाढदिवसाला तिच्या पोटात दुखायला नको."

मुलीचा वाढदिवस नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. म्हणजे दोन महिने हातात होते. तिच्या अब्बांनी सुचवले, "निमंत्रणावर लिहून टाका, कृपया भेटवस्तू आणू नये." ऐकायला बरे वाटते. पण मोठ्यांच्या लग्नपत्रिकेवर हे वाक्य छापलेले असते, तरी लोक पाकीट घेऊन जातातच. मुलांचेही तसेच होते. दहा जण भेट आणतात आणि ज्याने छापलेले वाक्य खरे मानले, तो एकटा रिकाम्या हाताने दाराशी उभा राहतो. मुलांना रिकामे हात लपवता येत नाहीत. तेव्हा मी ठरवले, की प्रत्येकाच्या हातात काहीतरी असले पाहिजे. फक्त ते दुकानात मिळणारे नको.

काय असावे? शाळेचे कॅलेंडर पाहताना मला वाट सापडली. मुलांनो, तुम्ही शाळेत किती वाढदिवस साजरे करता, ते कधी मोजले आहे का? ५ सप्टेंबरला डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा वाढदिवस. त्या दिवशी मोठी मुले शिक्षक होऊन वर्ग घेतात. १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा. त्या दिवशी आपण दप्तर बाजूला ठेवून पुस्तके वाचतो. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा. त्या दिवशी मराठी भाषेचा कार्यक्रम असतो आणि उर्दू शाळेतली मुलेही मराठीत भाषणे करतात. या वाढदिवसांना कुणी भेटवस्तू आणत नाही. सगळे मिळून काहीतरी करतात.

नोव्हेंबरमध्ये असे दोन वाढदिवस जवळजवळ येतात. ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्ली यांचा. ते वनाधिकारी होते; जंगलात राहून त्यांनी पक्ष्यांवर आणि प्राण्यांवर मराठीत पुस्तके लिहिली. १२ नोव्हेंबरला डॉ. सालिम अली यांचा. महाराष्ट्र शासनाने २०२० साली ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केला. माझ्या मुलीचा वाढदिवस नेमका या सप्ताहात येतो. हे तिला सांगितले, तेव्हा ती हसली. "म्हणजे माझा वाढदिवस सरकारी आहे!"

आम्ही वहीचे कागद कापून बारा निमंत्रणे तयार केली. एका बाजूला उर्दूत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत लिहिले: "रविवारी सकाळी साडेसहा वाजता आमच्या इमारतीखाली या. जुने, फिक्या रंगाचे कपडे घाला. येताना एक पक्षी आणा. पिंजऱ्यातला नको. विकत घेतलेला नको. तुम्ही पाहिलेला, किंवा तुमच्या नाना-नानींनी, दादा-दादींनी पाहिलेला आणा. त्याचे नाव, गोष्ट, चित्र, आवाज, पडलेले पीस, काहीही चालेल."

घरात सगळ्यांना हे पसंत पडले असे नाही. सासूबाईंना आम्ही सगळे अम्मी म्हणतो. अम्मींनी दोन हरकती घेतल्या. पहिली, वाढदिवसाला जुने कपडे? मी सांगितले, पक्षी पाहायला जाताना भडक, चकचकीत कपडे घालत नाहीत. पक्षी दुरूनच उडून जातात. हे खरेच होते. दुसरेही कारण होते. पण ते मी बोलले नाही आणि अम्मींना बहुधा ते कळले. दुसरी हरकत अशी, की केकशिवाय वाढदिवस कसला? तेव्हा केक करण्याचे काम त्यांच्याकडेच दिले.

त्या बोलण्यात मुलीने विचारले, "दादी, तुमचा वाढदिवस कधी?"

अम्मी म्हणाल्या, "एक जून."

"खरा?"

"शाळेतला."

तुमच्याही घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. पुष्कळांची जन्मतारीख १ जून निघेल. पूर्वी मुले घरीच जन्मत. जन्माची नोंद कुणी करत नसे. शाळेत नाव घालताना मात्र रजिस्टरात तारीख लिहावी लागे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. मग गुरुजी मुलाकडे पाहून वयाचा अंदाज करत, तेवढी वर्षे मागे मोजत आणि १ जून लिहून टाकत. एकाच गावातली कितीतरी माणसे अशी एकाच दिवशी जन्मली! अम्मींना त्यांच्या जन्माबद्दल एवढेच ठाऊक आहे, की भातकापणी चालू होती. भातकापणी म्हणजे दसरा-दिवाळीच्या आसपासचे दिवस. मुलीने बोटांवर महिने मोजले आणि जाहीर केले, की दादीचा वाढदिवसही त्याच रविवारी करायचा. अम्मी "चल, काहीतरीच" म्हणाल्या. पण केकसाठी दोन अंडी जास्त आणायला त्यांनीच सांगितले.

रविवारी सव्वासहालाच मुले खाली जमली. मी मोजली. बारा होती. ती मुलगीही होती. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी होते आणि ते ती कुणालाही धरू देत नव्हती.

आम्ही लोकलने मीरा रोडहून भाईंदरला गेलो. एकच स्टेशन आहे. पश्चिमेला उतरून उत्तनची बस पकडली. या रस्त्यावर मुर्धा, राई, मोर्वा ही जुनी गावे लागतात. आपण मीरा-भाईंदरचे लोक रोज लोकलच्या खिडकीतून मिठागरे पाहतो आणि पाहतही नाही. भरतीचे खारे पाणी बांध घालून उथळ वाफ्यांत घेतात. उन्हाने पाणी आटते आणि खाली मीठ उरते. पावसाळा संपला, की हे काम सुरू होते. ज्या वाफ्यांत आता मीठ पिकवत नाहीत, तिथे पाणी तसेच साचून राहते. चिखलात किडे, अळ्या आणि बारीक मासे असतात. म्हणून तिथे पक्षी येतात. मिठागरांच्या कडेला तिवरांची झाडे असतात, तिथेही पक्ष्यांना आसरा मिळतो.

आम्ही बांधावर उतरलो नाही. चिखल कुठे किती खोल आहे हे सांगता येत नाही आणि जागाही आपली नसते. रस्त्याच्या कडेला रांगेत उभे राहून पाहिले. मुलीच्या अब्बांनी एक दुर्बीण मागून आणली होती. बारा मुलांत एक दुर्बीण! पहिली दहा मिनिटे भांडण्यात गेली. मग मी नियम केला, की दुर्बीण ज्याच्या डोळ्याला, त्याने बाकीच्यांना दिसते ते सांगायचे. बाकीच्यांनी वहीत लिहायचे. भांडण थांबले असे नाही, पण हळू आवाजात होऊ लागले.

बगळे सगळ्यांनी ओळखले. उर्दूत बगुला, मराठीत बगळा. त्यात कष्ट नाहीत. चील म्हणजे घार, हे दोघा-तिघांना ठाऊक होते. टिटवी ओरडत गेली, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "आमच्या गावी हिला टिटहरी म्हणतात." त्याचे गाव उत्तर प्रदेशात आहे. लांबलचक लाल पायांचा, काळ्या-पांढऱ्या रंगाचा शेकाट्या पाण्यात उभा होता. त्याचे नाव कुणालाच माहीत नव्हते, पण तो सगळ्यांना आवडला. काठ्यांवर चालणाऱ्या सर्कशीतल्या माणसासारखा तो एकेक पाय उचलून टाकत होता. तारेवर बसलेला खंड्या एकदम पाण्यात कोसळला आणि चोचीत मासा घेऊन पुन्हा तारेवर बसला. हे एवढ्या झटक्यात झाले, की निम्म्या मुलांचे पाहायचे राहून गेले. मग ती पुढची पंधरा मिनिटे दुसरीकडे पाहायलाच तयार नव्हती.

विजेच्या तारांवर लहान लहान पक्षी ओळीने बसले होते. पाठ निळीकाळी, शेपूट कात्रीसारखी दुभंगलेली. मी सांगितले, "ही माळभिंगरी. थंडीत उत्तरेकडून येते. उर्दूत हिला अबाबील म्हणतात."

मुले क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली. अबाबील हा शब्द त्या सगळ्यांना तोंडपाठ होता. सूरह फीलमध्ये तो येतो. नमाजात त्यांनी तो कितीतरी वेळा म्हटला असेल. एक लहानगा हळूच म्हणाला, "खाला, ते हेच?" मी सांगितले, की अरबीत त्या शब्दाचा अर्थ थवेच्या थवे असा आहे, उर्दूत मात्र तो या पक्ष्याचे नाव होऊन बसला. एवढे व्याकरण त्याने ऐकले की नाही, कोण जाणे. तो मान वर करून तारा मोजत होता. शेवटी त्याने वहीत आकडा लिहिला: चौसष्ट. परतताना त्याच्या आग्रहावरून पुन्हा मोजले, तर सत्तरच्या वर भरले.

साडेनऊला आम्ही घरी आलो. सगळ्यांना सपाटून भूक लागली होती. अम्मींनी घावन आणि गूळ घातलेले नारळाचे दूध तयार ठेवले होते. केक झाकून ठेवला होता. आमच्याकडे भट्टी नाही. अम्मींनी जुन्या कुकरच्या तळाशी जाड्या मिठाचा थर पसरला, शिट्टी आणि रबर काढून टाकले, मीठ चांगले तापवले आणि त्यावर रव्याच्या केकचे भांडे ठेवून मंद आचेवर भाजले. मीठ उष्णता धरून ठेवते आणि केक करपत नाही. सकाळी मिठागर पाहून आलेल्या मुलांनी कुकरातले मीठ आधी पाहिले, केक नंतर. एकाने मिठाची चवही घेतली.

खाऊन झाल्यावर एक खेळ घेतला. त्यासाठी स्वयंपाकघरातली भांडी पुरली. एका ताटात तांदूळ, दुसऱ्यात ओल्या मातीत खुपसलेले दोऱ्याचे तुकडे, तिसऱ्यात पाण्यावर तरंगणारा कोंडा. शेजारी सांडशी, बारीक चिमटा आणि चहाची गाळणी. ही झाली तीन पक्ष्यांची चोच. कुणाला कोणत्या चोचीने काय खाता येते, ते करून पाहायचे. गाळणीने मातीतला दोरा निघत नाही. चिमट्याने तरंगणारा कोंडा उचलता उचलता दिवस जातो. चिमणीची चोच आखूड आणि जाड का, चिखलात खाणे शोधणाऱ्या तुतवारची लांब आणि बारीक का, आणि ठाण्याच्या खाडीत येणारा रोहित म्हणजे फ्लेमिंगो डोके उलटे करून पाणी का गाळतो, हे मला सांगावेच लागले नाही. पाटीवर चित्र काढून हेच शिकवायला मला एक पूर्ण तास लागतो आणि तरी मागच्या बाकावरचा मुलगा जांभई देतो.

मग प्रत्येकाने आणलेला पक्षी बाहेर काढला. एकाने कोंबडा आणला होता, म्हणजे त्याच्या आवाजाची नक्कल. ती इतकी हुबेहूब होती, की खालच्या मजल्यावरच्या भाभी विचारायला वर आल्या. एकीने हजरत सुलेमान यांच्या हुदहुदची गोष्ट सांगितली. डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी आपल्याकडेही दिसतो. एका मुलाने कबुतराचे पीस आणले होते. त्यावर कुणीतरी "कबुतर तर काय, खिडकीत बसते" असे म्हणाले. पण त्याने पीस पाण्यात बुडवून दाखवले. थेंब घरंगळून गेले, पीस कोरडेच. बुलबुल दोघांनी आणला होता. उर्दूतही बुलबुल आणि मराठीतही बुलबुल, म्हणून मुलांनी त्याला वर्गाचा मॉनिटर केले.

शेवटी त्या मुलीने वर्तमानपत्र उलगडले. आत गवताच्या काड्यांनी विणलेले घरटे होते. वरून घुमटासारखे आणि खाली उघडे. मध्ये एक आडवी पट्टी. दिवाळीच्या सुट्टीत ती रोहा तालुक्यातल्या नानीच्या गावी गेली होती. तिथे विहिरीवरच्या माडाखाली ते पडलेले तिला मिळाले.

"बयाचे घरटे," ती म्हणाली. "मराठीत सुगरण."

एक मुलगा म्हणाला, "पण हे तर अर्धेच आहे. तुटले आहे."

"तुटले नाही. त्याने सोडून दिले."

"कुणी?"

"नराने. घरटे नर बांधतो. अर्धे झाले, की मादी येऊन बघते. तिला आवडले तर तो पुरे करतो. नाही आवडले तर तसेच ठेवतो आणि दुसरे बांधायला घेतो. माझ्या नानांनी सांगितले. ते रोज विहिरीवर बसून बघतात."

मुलांना ते खरे वाटेना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मग मी त्यांना सालिम अलींबद्दल सांगितले. मुंबईतल्या एका मुसलमान घरातला हा मुलगा. १८९६ सालचा जन्म. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवले. एकदा त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. अशी चिमणी त्याने कधी पाहिली नव्हती. मामांनाही ती ओळखता आली नाही. त्यांनी त्याला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तिथल्या मिलार्ड साहेबांनी चिमणीचे नाव सांगितले आणि कपाटे उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. तिथून पुढे त्याने आयुष्यभर पक्षीच पाहिले. १९४१ साली भारतातल्या पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

"आणि बया?" त्या मुलीने विचारले. बाकीचे तिला नको होते.

बयाचेच तर सांगायचे होते. १९३० साली सालिम अलींची नोकरी गेली होती. ते अलिबागजवळ किहीम या गावी जाऊन राहिले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. ते रोज तासन्‌तास बसून पाहत आणि टिपून ठेवत. नर अर्धे घरटे बांधतो, मादी ते पाहून पसंत किंवा नापसंत करते, पसंत पडले तर नर ते पुरे करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे सुरू करतो, हे त्यांनी पाहिले आणि लिहून प्रसिद्ध केले. त्यामुळे जगभरच्या पक्षीतज्ज्ञांना ते समजले.

"म्हणजे माझ्या नानांना जे माहीत आहे तेच," ती म्हणाली.

"तेच. फक्त नानांनी लिहून ठेवले नाही."

"मग मी लिहीन."

अर्ध्या घरट्यावरून मग पुष्कळ चर्चा झाली. मादीला ते का आवडले नसेल? एकीच्या मते फांदी वाऱ्याची होती. दुसऱ्याच्या मते विणकाम सैल होते. मी सगळ्यांना गवत दिले आणि दोन बोटांच्या चिमटीने, दुसरा हात न लावता, एक गाठ मारून दाखवा म्हटले. पाऊण तास गेला. बारा जणांत दोघांच्या गाठी बसल्या, त्याही ओढल्याबरोबर सुटल्या. त्यानंतर विणकाम सैल आहे असे कुणी म्हटले नाही.

माझा एक नियम मी तेवढ्यात सांगून घेतला: झाडावरच्या घरट्याला हात लावायचा नाही, रिकामे दिसले तरी नाही. खाली पडलेले उचलले तर हरकत नाही.

केक दोघींनी मिळून कापला. एका बाजूला माझी मुलगी, दुसऱ्या बाजूला तिची दादी. अम्मींनी दुपट्टा डोक्यावर नीट ओढून घेतला आणि आधी हात उचलून दुवा मागितली. जाताना मुलांना देण्यासाठी मी वेगळे काही आणले नव्हते. सगळ्यांच्या पक्ष्यांची नावे दोन रकान्यांत, उजवीकडे उर्दूत आणि डावीकडे मराठीत, मोठ्या मुलांनी बारा कागदांवर उतरवून काढली. मैना, साळुंकी. चिडिया, चिमणी. उल्लू, घुबड. फाख्ता, होला. एका मुलाने "शेकाट्या" समोरची जागा रिकामी सोडली आणि मला सांगितले, की त्याचे उर्दू नाव तो अब्बांना विचारून आणील. अजून आणलेले नाही.

घरटे कुणाकडे राहावे यावर थोडी ओढाताण झाली. ज्या मुलीने ते आणले तिने माझ्या मुलीकडे पाहिले आणि म्हणाली, "शाळेत ठेवू या. तुझ्या घरी ठेवले, तर ती भेटवस्तू होईल. निमंत्रणात नाही म्हटले आहे." आता ते आमच्या वर्गाच्या खिडकीत टांगलेले आहे.

जिन्यात चपला घालता घालता तिने मला विचारले, "टीचर, माझा वाढदिवस जुलैमध्ये येतो. तेव्हा बया घरटे बांधत असतो का?"

"पावसाळ्यातच तर बांधतो. गवत लांब आणि ओले असते तेव्हा."

तिने थोडा विचार केला. "मग सगळ्यांना नानांच्या विहिरीवर नेता येईल. दिव्याहून रोह्याला गाडी जाते. पण छत्र्या घ्याव्या लागतील."